सित्तांगचा पूल, फेब्रुवारी १९४२: एका पराभवातून सैन्य काय शिकले आणि काय शिकायचे राहिले

पार्श्वभूमी

ब्रह्मदेशातल्या (आजच्या म्यानमारमधल्या) सित्तांग नदीवर जपान्यांकडून पराभूत झालेल्या, ब्रिटिशांच्या भारतीय सैन्यातल्या सतराव्या इंडियन डिव्हिजनची उभारणी १९४१ च्या मध्याला अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात झाली. ही डिव्हिजन पश्चिमेकडे, इराक-इजिप्तच्या बाजूला लढायला जाणार असे गृहीत धरूनच तिचा सराव सुरू होता, आणि त्या हेतूला नगरभोवतालचा उघडा, कोरडा माळ सोयीचाच होता. मोटारींतून लांबच्या मजला मारणे, दूरवर नजर ठेवणे आणि रस्त्याच्या आधाराने रसद पुढे नेणे हे तिथे शिकवले गेले. घनदाट बांबूच्या बेटांत दहा पावलांपलीकडचे दिसत नसताना काय करायचे, हे कोणी शिकवले नाही, कारण तशी वेळ येईल असे कोणाला वाटले नव्हते.

या डिव्हिजनची दुसरी अडचण तिच्या एकटीची नव्हती. १९३९ मध्ये सुमारे दोन लाखांचे असलेले भारतीय सैन्य युद्ध संपेपर्यंत वीस लाखांच्या वर गेले. नवी पलटण (बटालियन) उभी करायची तर जुन्या पलटणीतले अनुभवी सुभेदार, हवालदार आणि नाईक उचलून तिकडे द्यावे लागत, आणि काही महिन्यांनी त्या नव्या पलटणीतूनही माणसे काढून आणखी नवी पलटण उभी राहत असे. अशा उपसण्यामुळे कित्येक पलटणींत नुकते भरती झालेले जवान आणि त्यांची भाषा अजून नीट न येणारे तरुण अधिकारी, एवढेच उरले होते.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि सगळे बेत फिरले. डिव्हिजन म्हणजे साधारण तीन ब्रिगेड, आणि ब्रिगेड म्हणजे काही पलटणी. डिव्हिजनच्या मूळच्या ४४ आणि ४५ या दोन ब्रिगेड मलायाकडे वळवण्यात आल्या व त्या मोहिमेत दोन्ही संपल्या. उरलेली ४६ वी ब्रिगेड जानेवारी १९४२ मध्ये ब्रह्मदेशात उतरली. तिथे १६ वी ब्रिगेड, ब्रह्मी पलटणींची दुसरी ब्रिगेड आणि नंतर ४८ वी गुरखा ब्रिगेड तिला जोडून डिव्हिजन पुरी करण्यात आली. या ब्रिगेडींनी एकत्र सराव असा कधी केलेलाच नव्हता. डिव्हिजनचे सेनापती मेजर जनरल जॉन स्मिथ हे पहिल्या महायुद्धातले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी होते. त्यांना ही जबाबदारी मिळून जेमतेम महिना झाला होता आणि त्यांची प्रकृतीही बरी नव्हती.

समस्या

थायलंडच्या सरहद्दीवरून रंगूनकडे येताना वाटेत तीन नद्या आडव्या येतात: साल्वीन, बिलिन आणि सित्तांग. जपानी १५ व्या सैन्याच्या ३३ व्या आणि ५५ व्या डिव्हिजन याच वाटेने येत होत्या. सित्तांग ही त्यांतली सर्वांत मोठी अडचण होती. तिच्या पात्रावर अकरा गाळ्यांचा एकच लोखंडी रेल्वे पूल होता आणि मोटारी जाव्यात म्हणून त्यावर फळ्या टाकलेल्या होत्या. शत्रूला थोपवायला नदीसारखी जागा नाही, हे खरे. पण पूल एकच आणि सैन्य नदीच्या पलीकडे, अशी स्थिती असेल तर तीच नदी गळ्याचा फास होते.

स्मिथ यांचे म्हणणे असे होते की पुढे पसरून लढण्याइतके आपले सैन्य तयार नाही, म्हणून वेळीच सित्तांगच्या पश्चिमेला येऊन तिथे पाय रोवावेत. त्यांचे वरिष्ठ लेफ्टनंट जनरल हटन आणि त्यांच्याही वर जावा बेटावर असलेले जनरल वेव्हेल यांचे मत वेगळे होते. रंगून बंदरात कुमक उतरायची होती, त्यामुळे जितके दिवस शत्रू दूर राहील तितके हवेच होते. या दुसऱ्या मताला आज सहज दोष दिला जातो, तो मला रास्त वाटत नाही. सातवी आर्मर्ड ब्रिगेड २१ फेब्रुवारीला रंगूनला उतरली, आणि पुढे याच रणगाड्यांनी सगळ्या माघारीची पाठ राखली. वेळ विकत घेण्याची गरज खरी होती. किंमत किती द्यावी लागेल याचा अंदाज मात्र वरच्या पातळीवर चुकला होता.

कोणते पर्याय होते आणि निर्णय कसे झाले

मोलमीन ३१ जानेवारीला पडले. ११ आणि १२ फेब्रुवारीच्या रात्री साल्वीनकाठी कुझेक येथे दहाव्या बलुच रेजिमेंटची सातवी बटालियन (७/१०) जवळजवळ कापली गेली. त्याच सुमारास स्मिथ यांनी ब्रिगेडियर डेव्हिड कोवान यांना रंगूनला पाठवून सित्तांगपलीकडे माघारीची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. तेव्हा परवानगी दिली असती तर डिव्हिजन सगळी सामग्री घेऊन, शिस्तीत, पूल ओलांडू शकली असती. पण रंगूनच्या दारात शत्रू आठवडाभर आधी येण्याचा धोका होता. हटन यांनी हा धोका टाळला आणि त्या बदल्यात दुसरा, न मोजलेला धोका पत्करला.

यानंतर बिलिनकाठी चार दिवस कडवी झुंज झाली. जपानी पद्धत इथे पुरती उघड झाली होती. समोरून गुंतवून ठेवायचे, एक तुकडी जंगलातून वळसा घालून मागे न्यायची आणि रस्त्यावर अडथळा उभा करायचा. मोटारींवर अवलंबून असलेल्या डिव्हिजनला मागचा रस्ता तुटला की आपण संपलो, असेच वाटत असे. अखेर १९ फेब्रुवारीला परवानगी आली, तेव्हा पुलापर्यंत सुमारे तीस मैलांची धुळीची वाट होती आणि ३३ वी जपानी डिव्हिजन उत्तरेकडून समांतर वाटांनी त्याच पुलाकडे निघाली होती.

ही दोन सैन्यांमधली शर्यत आहे, हे या टप्प्यावर कोणाच्याही आदेशातून दिसत नाही. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णयबिंदू हाच आहे. एक पूर्ण ब्रिगेड, वाहने मागे ठेवून, रातोरात पुढे काढून पुलाच्या पूर्वेकडच्या टेकड्यांवर बसवता आली असती. तसे झाले नाही. २१ तारखेला डिव्हिजन कडक उन्हात, पाण्यावाचून, एकाच वाटेवर लांबच लांब पसरलेली होती, आणि तिच्यावर जपानी विमानांबरोबरच ओळखण्यात चूक झाल्याने स्वतःच्या बाजूच्या विमानांचेही बाँब पडले. पुलापाशी पॅराशूटने शत्रू उतरेल अशी धास्ती होती, त्यामुळे उपलब्ध गुरखा पलटण पश्चिम काठाच्या रक्षणासाठी पाठवली गेली, आणि धोका मात्र पूर्वेकडून आला.

२२ च्या पहाटे वाहने पुलावरून जाऊ लागली तेव्हा एका गाडीचे चाक फळ्यांवरून घसरले, गाडी तिरकी होऊन अडकली आणि पूल काही तास बंद पडला. मागे मैलोगणती रांग उभी राहिली. सकाळी जपानी पुलाच्या पूर्व टोकावर तुटून पडले. ४६ वी आणि १६ वी ब्रिगेड अजून मागेच होती, आणि पुलाचा त्यांच्याशी संपर्क तुटला.

पुलाची जबाबदारी ब्रिगेडियर ह्यू-जोन्स यांच्याकडे होती. स्फोटके मालेरकोटला सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, कंपनीने बसवली होती. रात्रभर पुलावर मशीनगनचा मारा चालू होता. उजाडल्यावर, शत्रूच्या नजरेसमोर, सुरुंग नक्की उडवता येतील याची खात्री देता येत नाही, असे सॅपर्सचे म्हणणे पडले. पूल अखंड शत्रूच्या हाती गेला तर रंगूनचा रस्ता मोकळा होणार होता. पूल उडवला तर पलीकडचे दोन तृतीयांश सैन्य तुटणार होते. पलीकडे किती माणसे जिवंत आहेत आणि ती किती दूर आहेत, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ह्यू-जोन्स यांनी पहाटे टेलिफोनवरून आदेश मागितला, स्मिथ यांनी काही मिनिटांतच होकार दिला, आणि २३ फेब्रुवारीला पहाटे साडेपाचच्या सुमारास पूल उडाला.

परिणाम

स्फोटाचा आवाज पलीकडच्या ब्रिगेडींनी ऐकला आणि त्याचा अर्थ त्यांना तत्काळ कळला. दिवसभरात माणसे मिळेल त्या साधनाने नदी उतरू लागली: बांबूचे ताफे, पेट्रोलचे रिकामे डबे, पाण्याच्या बाटल्यांचे झुबके. गुरख्यांतल्या बहुतेकांना पोहता येत नव्हते. तुटलेल्या गाळ्यांच्या मधल्या अंतरावर दोर बांधून त्याला धरून काहींना पलीकडे आणले गेले. बूट, हत्यारे, कपडे काठावर राहिले. २४ तारखेच्या संध्याकाळी मोजदाद झाली तेव्हा डिव्हिजनच्या पायदळात सुमारे साडेतीन हजार माणसे होती आणि त्यांच्याजवळ अवघ्या १,४२० रायफली होत्या.

स्मिथ यांना पदावरून दूर करण्यात आले, त्यांचा हुद्दा काढून घेतला गेला आणि त्यांची लष्करी कारकीर्द तिथेच संपली. ८ मार्चला जपानी सैन्य रंगूनमध्ये शिरले. हे जरूर नोंदवायला हवे की पूल उडाल्यामुळे जपान्यांना नदी ओलांडायला आठवड्याहून अधिक काळ लागला, आणि तेवढ्या अवधीत रंगूनमधून बरेच काही हलवता आले.

या लढाईवर पुढे जे लिहिले-बोलले गेले त्यातले बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरते: साडेपाच वाजता पूल उडवला ते योग्य होते की अयोग्य. मला हा प्रश्न सर्वांत कमी उपयोगाचा वाटतो. त्या क्षणी, तेवढ्या माहितीवर, कोणताही पर्याय वाईटच होता. चांगले पर्याय दहा दिवस आधी, तीन दिवस आधी आणि त्याहूनही सहा महिने आधी नगरच्या माळावर उपलब्ध होते. दोष एका पहाटेवर आणि एका माणसावर टाकला की ते सगळे आधीचे निर्णय तपासण्यातून सुटतात. १९४२ मध्ये वरच्या पातळीवर बऱ्याच अंशी हेच घडले.

शिकणे कसे सुरू झाले

डिव्हिजनची सूत्रे कोवान यांच्याकडे आली. ते सित्तांगच्या आधीपासून तिथे होते, सगळे पाहिलेले होते, आणि पुढे युद्ध जवळजवळ संपेपर्यंत तेच सेनापती राहिले. युद्धात इतका काळ एकच माणूस एका डिव्हिजनवर राहणे दुर्मिळ. या प्रकरणातला फरक माझ्या मते इथून पडला.

बदलाची पहिली खूण नऊ आठवड्यांतच दिसते. एप्रिलच्या अखेरीस मंडालेच्या दक्षिणेला क्यौक्से येथे ४८ व्या ब्रिगेडला पिछाडी राखायची होती. ब्रिगेडवर आता कॅमेरॉन होते. सित्तांगच्या वेळी ते एका गुरखा पलटणीचे प्रमुख होते. जपानी रात्री आरडाओरडा करत, फटाके उडवत आले. समोरच्यांनी घाबरून अंधारात गोळ्या झाडाव्यात, म्हणजे मशीनगनच्या जागा कळतील, हा त्यामागचा डाव होता. जवानांनी गोळी रोखून धरली, शत्रू अगदी जवळ येईपर्यंत वाट पाहिली आणि मग मारा केला. जपान्यांची मोठी हानी झाली, ब्रिगेडची मोजकीच माणसे पडली, आणि ठरल्या वेळी ती शिस्तीत निघून गेली. रात्री गोळी न झाडणे ही गोष्ट ऐकायला लहान वाटते, पण ज्याच्या शेजारी अंधारात पाचोळा वाजतो आहे त्या नवख्या जवानाला विचारावे की ती किती मोठी आहे.

मे महिन्यात डिव्हिजन इंफाळला पोहोचली आणि तिथे कोवान यांनी माघारीतल्या अनुभवांवरून सरावाच्या सूचना लिहून काढायला लावल्या. त्यांचा गाभा असा होता. रस्त्याची गुलामी सोडायची. म्हणून खेचरे आणि जीप यांच्या आधारावर चालणारी हलकी डिव्हिजन केली गेली. गस्त हा रोजचा धर्म मानायचा. तळ नेहमी चारही बाजूंनी लढता येईल असा बांधायचा. स्वयंपाकी, कारकून, ड्रायव्हर, सगळ्यांना बंदूक चालवता आली पाहिजे, कारण जंगलात पिछाडी अशी काही नसते. आणि सर्वांत मूलभूत म्हणजे, मागचा रस्ता तुटला तर आपण वेढले गेलो असे मानायचे नाही. अडथळा घालणारा शत्रूही आपल्या दोन तुकड्यांच्या मध्ये सापडलेला असतो.

शिकवण एका डिव्हिजनपुरती का राहिली

इथे प्रकरणाला कडू वळण मिळते. १९४२ च्या अखेरीस ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनारपट्टीवर, अराकानमध्ये, चौदाव्या इंडियन डिव्हिजनला चढाईवर पाठवले गेले. डोनबैक येथे जपान्यांच्या पक्क्या बंकरांवर समोरून पुन्हा पुन्हा हल्ले झाले, ते फसले, आणि मग १९४३ च्या मार्च-एप्रिलमध्ये जपान्यांनी तोच जुना वळसा घालून सगळी आघाडी उधळून लावली. सित्तांगला वर्ष उलटले होते. तिथे जे रक्त देऊन कळले होते ते थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या डिव्हिजनपर्यंत पोहोचले नव्हते.

कारण कागदाचा अभाव हे नव्हे. जंगलातील लढाईवर भारतीय सैन्याची ९ क्रमांकाची प्रशिक्षण पुस्तिका १९४० मध्येच निघालेली होती. पुस्तिका निघणे, ती पलटणीत वाचली जाणे आणि तिच्याप्रमाणे जवानाचे पाय जंगलात पडणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. शिकवण पसरवण्याची सक्ती करणारी एकच एक यंत्रणा नव्हती. प्रत्येक डिव्हिजन आपापल्या परीने शिके किंवा न शिके. शिवाय अपुऱ्या तयारीचे नवे जवान थेट आघाडीवर येतच होते.

दुसऱ्या पराभवाने मात्र वरिष्ठांचे डोळे उघडले. जून १९४३ मध्ये दिल्लीत पायदळाविषयी एक समिती बसली. तिच्या निष्कर्षांतला धाडसाचा भाग असा की जवानांच्या शौर्यात उणे नव्हते, उणीव त्यांना मिळालेल्या शिक्षणात होती, आणि पायदळाला उरलीसुरली माणसे देण्याची रीतच चुकीची होती. रंगरुटाचे मूळ प्रशिक्षण नऊ महिन्यांचे करून त्यावर दोन महिने फक्त जंगलातला सराव देण्याचे ठरले. त्यासाठी दोन पूर्ण डिव्हिजन लढाईतून काढून प्रशिक्षणाला लावल्या गेल्या. त्यांतली एक म्हणजे अराकानात हरलेली तीच चौदावी डिव्हिजन. तिला तेव्हाच्या मध्यप्रांतात, नागपूरच्या उत्तरेस सातपुड्यातल्या छिंदवाडा परिसरात ठेवण्यात आले. त्याच महिन्यात सरसेनापतिपदी आलेल्या ऑकिनलेक यांनी या कामाला पाठबळ दिले आणि सप्टेंबर १९४३ मध्ये पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली. युद्ध ऐन भरात असताना दोन डिव्हिजन आघाडीवरून काढून शाळेसाठी देणे, हा मला या साऱ्या काळातला सर्वांत मोठा निर्णय वाटतो.

कसोटी: १९४४ चा टिड्डिम रस्ता

इतिहासात क्वचितच अशी तुलना हाती लागते. मार्च १९४४ मध्ये सतरावी डिव्हिजन इंफाळच्या दक्षिणेला टिड्डिम येथे होती. समोर आली ती पुन्हा ३३ वी जपानी डिव्हिजन. पुन्हा एकच लांब रस्ता, पुन्हा शत्रूने मागे घातलेले अडथळे, पुन्हा मधे एक नदी आणि तिच्यावरचा पूल.

या वेळी कोवान यांनी आदेशाची वाट पाहत असतानाच तोंझांगच्या बाजूला एक तुकडी पाठवून मणिपूर नदीवरच्या पुलाकडे जाणारी वाट आधी धरून ठेवली. १४ मार्चला डिव्हिजन निघाली. रस्ता चार ठिकाणी तुटला तरी कोणी हादरले नाही. पुढच्या ब्रिगेडने अडथळ्यांच्या बाजूच्या टेकड्या एकेक करून घेतल्या, मागच्या ब्रिगेडने पिछाडी राखली, विमानांनी वरून रसद टाकली. १०९ व्या मैलावरचे सामानाचे कोठार शत्रूच्या हाती गेले होते, ते लढून परत मिळवले. सगळी डिव्हिजन पार झाल्यावरच मणिपूर नदीवरचा पूल उडवला गेला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती आपली वाहने, खेचरे आणि जखमी जवान घेऊन इंफाळच्या मैदानात आली आणि लगेच पुन्हा लढाईला उभी राहिली. पुढच्या वर्षी हीच डिव्हिजन रणगाड्यांसह मध्य ब्रह्मदेशातल्या मेक्तिलावर चालून गेली आणि मार्च १९४५ च्या पहिल्या आठवड्यात तिने ते घेतले.

वेगळे काय करता आले असते

सित्तांगनंतर स्मिथ यांना दूर करणे कदाचित अटळ होते. पण वाचलेल्या अधिकाऱ्यांना आणि सुभेदार-हवालदारांना बसवून, शिक्षेची भीती न घालता, पहिल्या दोन महिन्यांतच सविस्तर चौकशी झाली असती आणि तिचे निष्कर्ष अराकानला जाणाऱ्या प्रत्येक पलटणीवर सक्तीचे केले असते, तर डोनबैकची किती माणसे वाचली असती याचा विचार करताना मन अस्वस्थ होते. कोवान यांच्या काही पलटण-अधिकाऱ्यांना तेव्हाच इतर डिव्हिजनमध्ये शिकवायला पाठवता आले असते. छिंदवाड्याला १९४३ च्या उत्तरार्धात जे झाले त्याची लहान आवृत्ती १९४२ च्या पावसाळ्यातही शक्य होती.

एक गोष्ट १९४४ मध्येही शिकलेली दिसत नाही, आणि यशाच्या आनंदात ती झाकली जाते. कोवान यांना माघारीचा आदेश उशिराच मिळाला. तो केव्हा द्यायचा हे कोअरचे (अनेक डिव्हिजनांच्या दलाचे) कमांडर स्कून्स यांच्यावर सोपवणे ही आपली चूक होती, असे त्यांचे वरिष्ठ, चौदाव्या सैन्याचे सेनापती जनरल स्लिम यांनी स्वतःच पुढे मान्य केले. या उशिरामुळे सतराव्या डिव्हिजनला सोडवायला स्कून्स यांना राखीव २३ व्या डिव्हिजनच्या ब्रिगेड टिड्डिम रस्त्यावर धाडाव्या लागल्या, आणि इंफाळच्या ईशान्येला उखरुलच्या बाजूला फळी विरळ झाली. तिथे सांगशाकला नव्याने आलेली ५० वी पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्यासोबत मागे राहिलेली मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन यांना मार्चच्या उत्तरार्धात तारेचे कुंपण नसलेल्या, पाण्याची टंचाई असलेल्या टेकडीवर जपानी ३१ व्या डिव्हिजनच्या तुकड्यांशी झुंजावे लागले. पायदळाच्या जवानापासून डिव्हिजनच्या सेनापतीपर्यंत सगळ्यांनी सित्तांगचा धडा गिरवला होता. वेळेवर परवानगी देण्याचा धडा मात्र वरच्या तंबूंपर्यंत तेव्हाही पोहोचलेला नव्हता, आणि त्याची किंमत सांगशाकच्या टेकडीवर मोजली गेली.